चुकून झालेला समुद्र

समुद्र मी बघितलाय. हे आधीच सांगून टाकते, कारण या सगळ्या प्रकरणात माझ्याकडे तेवढं एकच भांडवल होतं. लग्नानंतर चौथ्या की पाचव्या वर्षी आम्ही गोकर्णाला गेलो होतो. तीन दिवस मी रोज सकाळी पाण्यात पाय सोडून बसायचे आणि लाटा मोजायचे. बीदरकडच्या आमच्या भालकीत, आमच्या गल्लीत, समुद्र बघितलेली बाई मी एकटी, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरूही द्यायचे नाही. श्रावणात बायका जमल्या, पापड लाटायला बसल्या, की बोलता बोलता मी गोकर्णावर यायचेच. माझी धाकटी जाऊ मग हातातलं काम थांबवून विचारायची, "अक्का, पाणी खरंच खारट असतंय का?" आणि मी दर वेळी नव्यानं सांगायचे, जसं काही ते मीच खारट केलं होतं.

दुसरा माझा मान म्हणजे विणकाम. या गावातली निम्मी बाळं माझ्या टोपड्यात मोठी झाली, हे मी फुशारकीनं नाही सांगत, खरंच आहे. उदगीरहून मऊ लोकर आणायची, सुया बारा नंबरच्या, हात एकसारखा. माझ्या स्वेटरची उलटी बाजू लोक सुलटी म्हणून घालायचे इतकी सफाई. घरोघर नाव होतं. आणि खरं सांगते, नावाची चटक लई वाईट.

ही जाऊ आली शहाबादकडून. तिचे वडील तिकडे फरशीच्या खाणीवर मुकादम होते. घरात बोली कन्नड. आमच्याकडे आली तेव्हा मराठी तिला शब्दाशब्दाला अडायची. आता वीस वर्षं झाली, आता चुरुचुरु बोलते, भाजीवाल्याशी भांडतेसुद्धा. पण एखादी परकी बाई आली, त्यातून पुण्याचं मराठी बोलणारी, की हिची जीभ टाळ्याला चिकटते. पदर तोंडाशी धरते आणि माझ्याकडे बघत कन्नडमध्ये उत्तर देते, आणि ते पुढे पोचवायचं काम माझं. वीस वर्षं मीच तिचं तोंड होते. हे लक्षात ठेवा.

विणायला तिला मीच शिकवलं. पहिल्याच थंडीत एक मफलर विणायला लावला. जाळीचा नमुना होता, म्हणून मी सांगितलं, दर पाचवा टाका सोड. आता सोड म्हणजे विणू नको, तसाच या सुईवरून त्या सुईवर घे, हे सुई धरणाऱ्या कुणालाही कळतं. हिला कळलं ते तिच्या कन्नडातून. तिच्या मनात सोडचं झालं 'बिडु', म्हणजे हातातून सोडूनच दे. हिनं सोडला. सुईवरून खाली! सुटलेला टाका उसवत उसवत पार तळापर्यंत गेला, मफलरभर शिड्या पडल्या, आणि ही बया खाली मान घालून दर पाचवा टाका इमानदारीनं सोडत बसलेली. मी हसून हसून लोळायची राहिले. तो मफलर मी सगळ्या गल्लीला दाखवला. त्यानंतर कित्येक वर्षं नवी पाहुणी आली की मी तो किस्सा सांगायचे आणि जाऊही सगळ्यांबरोबर हसायची.

पण तिनं ते सोडणं सोडलं नाही. नीट विणायला शिकली, तरी मधूनच एखादा टाका मुद्दाम टाकून द्यायची. मी म्हणाले, कामून गं असं करायलीस, भोकं पडायलीत. तर म्हणाली, मोकळं वाटतंय. मी कपाळाला हात लावला.

मागच्या वर्षी बायकांच्या ग्रुपवर एक निरोप फिरत आला. पुण्याच्या एक बाई प्रदर्शन भरवणार होत्या. समुद्रापासून लांब राहणाऱ्या बायकांनी लोकरीतून समुद्र करायचा. भिंतीवर चिकटवायचं चित्र नको. उभं राहील, फिरून चारी बाजूंनी बघता येईल असं काहीतरी. बाई स्वतः घरी येऊन बघणार, निवडलेलं काम बीदरच्या मोठ्या हॉलमध्ये मांडणार. आणि शेवटची ओळ होती, एका घरातून एकच. ती ओळ वाचून मला आनंदच झाला. आमच्या घरातून म्हणजे मीच की, दुसरं कोण!

मी ऑक्टोपस करायला घेतला. मोबाईलवर बघून बघून. डोकं भोपळ्याएवढं, आठ पाय, प्रत्येक पायाला खालून गोल गोल चकत्या, आत कापूस ठासून भरलेला. निळा, जांभळा, कडेला पोपटी. सोबत सात मासे आणि एक शिंपला, उघडझाप होणारा. दोन महिने गेले त्यात. घरातली माणसं जाता येता कौतुक करत होती आणि मी "कुठलं काय, असंच" म्हणत होते, बायका म्हणतात तसं.

जाऊनं एक दिवस विचारलं, मी बी काय तरी करू का. मी म्हणाले, कर की, कोण नको म्हणतंय. मनात म्हणाले, कर, शिड्यांचा समुद्र कर.

तिनं माझ्या लोकरीला हातही लावला नाही. आमच्या तालुक्यातल्या मेहकरला घोंगडीवाल्यांचं एक घर आहे, त्यांच्याकडून मेंढीच्या लोकरीचं उरलंसुरलं सूत आणलं. काळं, मळकट करडं, मध्येच गढूळ पाण्यासारखं पिवळट. हाताला टोचणारं. भिजलं की सगळ्या परसात मेंढराचा वास. जाडजूड सूत माझ्या सुयांवर बसेना, तर तिनं बांबूच्या कामट्या तासून सुया केल्या. मी नाकाला पदर लावून म्हणाले, "समुद्र निळा असतो गं." ती म्हणाली, "तुम्ही बघितलाय अक्का, असंल." आणि विणत राहिली.

आता आमच्या परसातला दगड सांगायला पाहिजे. घर बांधलं तेव्हा तिच्या माहेरून शहाबादी फरशी आली होती. त्यात एक फरशी सपाट नव्हती. तिच्या अंगावर वळ्या होत्या, एकामागून एक, बारीक, वाकड्या, सगळ्या एकाच दिशेला कललेल्या. गवंड्यानं ती बाजूला टाकली, ही बसायची नाही म्हणाला. मग ती नळाजवळ गेली, कपडे धुवायला. वळ्यांवर कॉलर छान घासली जाते. वीस वर्षं मी त्या दगडावर कपडे आपटले आणि कधी त्याच्याकडे बघितलं नाही. जाऊ मात्र दुपारी त्याच्यासमोर उकिडवी बसायची, वळीवर बोट फिरवायची, मग दोन ओळी विणायची, परत बोट फिरवायची. मी विचारलं, काय करायलीस. म्हणाली, माझे अप्पा सांगायचे, आपल्या खाणीच्या जागी पूर्वी समुद्र होता, पाणी गेलं आणि खाली त्याच्या रेघा राहिल्या. म्हणून बघायलेय, पाणी कसं चाललं होतं ते.

मला ते ऐकून कसंसंच झालं. मी एवढी गोकर्णाला जाऊन आले आणि ही नळाजवळ बसून समुद्र बघत होती.

विणून झालं तेव्हा ते एक भलंमोठं, आकार नसलेलं, लोळागोळा झालेलं घोंगडं होतं. मला बरं वाटलं. पण मग तिनं चिंचोके भाजून कुटून शिजवले, त्याची खळ केली. घोंगडीला लावतात तीच. त्या खळीत ते सगळं बुडवलं, पिळलं, आणि घागरी, पातेली, उखळ पालथी घालून त्यांच्यावर पसरलं. मधल्या खोलग्यात दगडगोटे ठेवले. तीन दिवस उन्हात. चौथ्या दिवशी सकाळी तिनं खालची भांडी एकेक करून काढून घेतली, आणि ते तसंच उभं राहिलं.

काय सांगू. कमरेएवढी लाट, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी खाली वाकत आलेली. जिथे जिथे टाका सोडला होता तिथे सूत फाटल्यासारखं मोकळं झालेलं, आणि त्यातून ऊन आत शिरत होतं. फेस होता तो. गोकर्णाला तिसऱ्या दिवशी सकाळी आभाळ भरून आलं होतं, पाणी निळं नव्हतंच, काळं होतं, आणि मी घाबरून पाय वर घेतले होते. हे मी वीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, मी स्वतःच विसरले होते. ते पाणी हे होतं. वाईट वाटलं, राग आला, रडू आलं, सगळं एकदम, आणि या सगळ्याला एकच नाव आहे, मला ते माहीत आहे. मी जळले. आतून जळले. मी म्हणाले, "वास येतोय गं अजून." आणि आत गेले.

पुण्याच्या बाई आल्या त्या संतपूरहून येता येता, ऊन चढायच्या आत. साध्या सुती साडीतल्या, हातात वही. मी ऑक्टोपस बाहेरच्या खोलीत पलंगावर पांढरी चादर घालून मांडला होता. बाई वाकल्या, एकेक पाय उचलून बघितला आणि म्हणाल्या, "किती गोड! काय सफाई आहे हो हाताला." मी फुलले. मग त्यांनी हात धुवायला म्हणून परसात जायचं विचारलं.

परसात गेल्या त्या नळाकडे वळल्याच नाहीत. हात धुवायचेही राहिले. त्या काळ्या लाटेभोवती एक फेरी मारली, मग खाली बसून एक फेरी मारली. हात आत घातला. मी दारात उभी राहून बघत होते, आणि मला कळून चुकलं की गोड हा शब्द लहान पोराच्या झबल्याला म्हणतात.

जाऊ भाकरी टाकून आली, हात पिठाचे. बाईंनी विचारलं, तुम्ही केलंत? तिनं पदर तोंडाशी धरला आणि माझ्याकडे बघितलं. झालं, माझं काम सुरू. समुद्र बघितलाय का, बाईंनी विचारलं. जाऊनं कन्नडमध्ये सांगितलं, नाही. मी म्हणाले, नाही. इथवर मी खरी होते. ही भोकं कशी पाडलीत, बाईंनी विचारलं. जाऊनं मोठं उत्तर दिलं. अक्कानं शिकवलंय, अक्का म्हणाल्या सोड, मला उलटंच कळलं, पण ते चांगलं दिसलं म्हणून ठेवलं, कुठला टाका सोडायचा ते आता मी आधी ठरवते, मोजून. मी त्यातलं एवढंच सांगितलं की विणताना तिचे टाके सुटतात.

मग बाई म्हणाल्या की हॉलच्या एका अख्ख्या भिंतीपुढची जागा मोकळी आहे, लांबच्या लांब. अशा आणखी चार लाटा झाल्या तर ती भिंत फक्त यांची. पण वेळ दीड महिनाच आहे. त्यांना परत असं करता येईल का, एवढं विचारा.

जाऊला विचारायची गरज नव्हती, तिला कळलंच होतं. तिचा चेहरा उजळला. पिठाचे हात पुढे करून ती मला म्हणाली, हत्तु माडतीनि. दहा करते. फक्त अक्का, भांडी पसरायला तुम्ही सोबत असा.

मी बाईंकडे वळले. मला आठवतंय, माझा आवाज अगदी मऊ होता.

"ती म्हणते, हे चुकून झालंय. परत जमणार न्हाई."

जाऊनं माझ्याकडे बघितलं. एकदाच. तिला शब्दन्‌शब्द कळला होता आणि तिला कळलाय हे मलाही कळत होतं. मी वाट बघत राहिले, आता बोलेल, आता बोलेल. तिनं बोटांना चिकटलेलं पीठ चोळून काढलं आणि भाकरी करपतेय म्हणून आत गेली.

बाईंनी पुन्हा त्या लाटेकडे बघितलं. मग वही मिटली. एका घरातून एकच घ्यायचं होतं आणि भिंत तर भरायची होती. मला म्हणाल्या, तुम्ही आणखी चार ऑक्टोपस कराल? मी म्हणाले, करते की.

पुढचा दीड महिना कसा गेला ते मलाच ठाऊक. ती भांडेल म्हणून मी कंबर कसून होते. उत्तरं तयार ठेवली होती, एकाहून एक चढ. तुझं भलं बघितलं, चार लाटा काय खायचं काम आहे, कंबर मोडली असती. पण ती भांडेचना! माझ्या भाकऱ्या करू लागली, मला विणायला वेळ मिळावा म्हणून. दुपारी येऊन कापूस पिंजून द्यायची. एकदा म्हणाली, अक्का, या पायाचा एक टाका कमी पडलाय, वाकडा दिसतोय. बघितलं तर खरंच कमी. मी तो पाय तिच्यादेखत फरकन उसवला आणि म्हणाले, लई कळायलंय तुला. नवऱ्यावर चिडले, मांजरावर चिडले. अहो, तिनं एकदा तोंड उघडून मला खोटारडी म्हटलं असतं तर मी सुखानं झोपले असते. तिचा समुद्र तिनं आतल्या खोलीत ज्वारीच्या पोत्यांवर ठेवला होता आणि वर धूळ नको म्हणून जुनं लुगडं टाकलं होतं. पीठ काढायला गेले की लुगड्याखालून तो दिसायचा. मी बघायचेच नाही, पण दिसायचा.

बीदरला आम्ही दोघी बसनं गेलो. तिला नको म्हणणार होते, पण काय कारण सांगणार? तिनं इरकली नेसली होती, माझ्या पिशव्या तिच्याच हातात. हॉलमध्ये शिरलो तर लांबलचक भिंत, आणि तिच्यापुढे माझे पाच ऑक्टोपस दिव्याखाली छतापासून टांगलेले, खाली पाटी, पाटीवर माझं नाव. किती बायका आल्या होत्या! लोक फोटो काढत होते. मला वाटलं होतं, हे बघून पोट भरेल. बघितलं, आणि भिंत मोकळीच वाटली मला. पाच भोपळे टांगल्यासारखे दिसत होते ते. पाचांच्या मध्ये पाणी कुठेच नव्हतं.

मी पाणी प्यायला बाजूला गेले होते. परत आले तर जाऊभोवती पाच-सहा बायका. कुणीतरी तिलाच विचारलं होतं, तुम्ही केलं का म्हणून. आणि माझी ही लाजरी जाऊ, पदर खांद्यावर, हात हलवत, खणखणीत मराठीत सांगत होती की हे आमच्या अक्कानं केलंय, अक्कानं समुद्र बघितलाय, अक्काची उलटी बाजू बी सुलटी दिसती. बायका हसल्या.

पुण्याच्या बाई मागेच उभ्या होत्या. त्या वळल्या. आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत तिच्याकडे. तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "तुम्हाला मराठी येतं की चांगलं."

"येतंय की."

"मग त्या दिवशीचं मला तुमच्या तोंडून सांगा. ती लाट तुम्हाला परत करता येईल का? पुढचं प्रदर्शन मी फक्त तिच्यासाठी भरवीन."

मी दोन हातांवर होते. पळून जावं असं वाटलं. जाऊनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पदर डोक्यावरून घेतला, नीट केला.

"न्हाई बाई," ती म्हणाली. "ते चुकून झालतं. अक्कानं सांगितलं तसंच."

बाईंनी मान हलवली. थोडा वेळ थांबल्या, मला वाटतं माझ्यासाठी थांबल्या. माझ्या तोंडाशी आलं होतं, ती खोटं बोलायलीय, मी बोलले म्हणून बोलायलीय, ती दहा करू शकते. एवढंसं वाक्य. मी ते गिळलं. बाई पुढच्या पाहुण्यांकडे गेल्या. आणि देवाशप्पथ, त्या घडीला मला तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा त्या लाटेचाही वाटला नव्हता. लाट मला जन्मात एकदा तरी जमली असती. हे नसतं जमलं.

कुणीतरी मला भिंतीपुढे उभं करून फोटो काढला, जाऊलाही शेजारी ओढलं. मी हसलेय त्यात. ती पण हसलीय, पण तिचं खरं आहे. आता तो फोटो आमच्या बाहेरच्या खोलीत लावलाय, खिळा तिनंच ठोकला. पाहुणे आले की तीच त्यांना जवळ नेऊन दाखवते, हा आमच्या अक्काचा समुद्र म्हणून. तेव्हा मी चहा ठेवायला उठते.